‘बरं का’ म्हटलं की

मेश्राम सर,

आज सातवी ‘ब’चा लॅपटॉपचा तास झाला. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले, आणि खरं सांगायचं तर या दहा दिवसांत मी तुमच्यासाठी जितकी रडले त्याहून जास्त या तासाला घाबरले. लिहायला लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलून काही उपयोग नाही. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तुमच्याच जिवावर चाललं होतं.

तुमच्याविषयीचं पत्रक शाळेच्या फळ्यावर लागलंय. जन्म, शिक्षण, किती वर्षं सेवा, सगळं त्यात आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या. दुरुस्त करताना तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, ‘मेल्यावरबी तपासून राहिल्या का बाई?’ मी तिथेच, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शिपाईमामांना वाटलं मी पत्रक वाचतेय.

तुम्ही शाळेत कॉम्प्युटर शिकवायला आलात त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ‘मेश्राम म्हणजे कुठले?’ तुम्ही म्हणालात, भंडाऱ्याचा. मी म्हटलं, ‘नाही, म्हणजे मूळचे?’ तुम्ही माझ्याकडे शांतपणे बघितलंत आणि म्हणालात, ‘मूळचाही भंडाऱ्याचाच, बाई.’ मला काय विचारायचं होतं ते तुम्हाला नेमकं कळलं होतं आणि तुम्हाला ते कळलंय हे मला. शनिवार पेठेत जन्म गेलेल्या माझ्यासारख्या बाईला असे प्रश्न जीभ वळवळल्यासारखे येतात. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही आणि तुम्हीही कधी आठवण करून दिली नाहीत. आज मीच करून देते, कारण आता तुम्ही विषय बदलू शकत नाही.

तेव्हा शाळेत कॉम्प्युटरची एकच खोली होती. बाहेर पाटी, ‘चपला बाहेर काढाव्यात’. आत पडदे, मशिनांवर फुलाफुलांची कव्हरं, आणि खोलीची किल्ली ऑफिसात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ती पाटी काढून टाकलीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, धूळ जाईल. तुम्ही म्हणालात, ‘चपला काढायला लावल्या की पोरं घाबरतात मॅडम. घाबरलेलं पोर बटन दाबत नाही.’ शिक्षकांच्या खोलीत मी त्यावर खूप टिंगल केली होती. म्हटलं, नागपूरकडचे मानसशास्त्रज्ञ आलेत. तुम्ही भंडाऱ्याचे, हे मी मुद्दाम विसरायची.

मग हिंजवडीतल्या एका कंपनीने आपल्या शाळेला लॅपटॉप दिले. मुलांसाठी सोळा, दोघांत एक, आणि सतरावा बाईंसाठी, भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला. ही मुलं तेव्हा सहावीत होती. इतर विषयांचे शिक्षक हळूच मागे सरकले आणि मराठीच्या लिमये बाई पुढे राहिल्या. सगळ्यात वयस्क शिक्षिकेने हे केलं तर बाकीच्यांना लाज वाटेल, असा मुख्याध्यापिकांचा हिशेब.

मी तुमच्याशी भांडले होते. म्हटलं, पोरांनी वर्गात माझ्याकडे बघायचं की त्या डबड्याकडे? ‘दोन्हीकडे नं बाई. डोळे दोन आहेत.’ मी म्हटलं, हस्ताक्षर जाईल. तुम्ही म्हणालात, ‘तुमचं अक्षर सुंदर आहे म्हणून सुचून राहिलं तुम्हाला. ज्याचं वाकडंतिकडं आहे त्या पोराला विचारा, छापील अक्षरात आपलं नाव बघून कसं वाटते.’ तुमचं स्वतःचं अक्षर किती वाईट होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी वाद सोडला. पण पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, सर. मुलं पडद्यात मान घालून बसली की मला अजून धडकी भरते. आपण बोलतोय आणि समोर कोणीच नाही, असं वाटतं.

पहिला तास आठवतो का? वाक्प्रचार. चित्रं तुम्हीच घालून दिली होतीत. ‘फक्त खालचा बाण दाबा बाई. दुसऱ्या कशाला हातच लावू नका.’ मी वाक्य म्हटलं, आधारासाठी लॅपटॉपवर हात टेकला आणि बाण दाबला. तळहाताखाली आणखी कोणती बटणं गेली देव जाणे. भिंतीवरचं सगळं चित्र उलटं झालं. माणूस डोक्यावर, अक्षरं पाय वर करून. वर्ग जो हसला तो अजून माझ्या कानात आहे. एकोणतीस वर्षं शिकवत होते, पण वर्ग मला हसलाय असं कधी झालं नव्हतं.

तुम्ही मागून चालत आलात, काहीतरी दाबलंत, आणि मुलांना म्हणालात, ‘बाईंनी मुद्दाम केलं. उलटं किती जणांना वाचता आलं, हात वर करा.’ नऊ हात वर झाले. सरळ करताना माझ्याकडे न बघता पुटपुटलात, ‘काऊन घाबरून राहिल्या? मशीन आहे, मांजर नाही, चावत नाही.’

त्या दिवसानंतर मी त्या बाणाला हात लावला नाही.

घरात एक इंजिनिअर आहे माझ्या. रोज सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो. त्याला विचारता आलं असतं. पण तो ‘आई, त्यात काय एवढं’ असं म्हणेल याचीच मला भीती होती. त्याने नुसतं तसं म्हटलं असतं तरी मी कोसळले असते. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘बरं, असं करू. तुम्ही शिकवा, मी मागे बसून चित्र बदलतो. बिनवायरचा माऊस आहे. फक्त खूण सांगा.’ मी म्हटलं, कसली खूण करू, हात वर? तुम्ही हसलात. ‘खूण कायले पाहिजे? वाक्य झालं की तुम्ही “बरं का” म्हणूनच राहिल्या. तीच.’

मी दर वाक्याला ‘बरं का’ म्हणते हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुमच्यामुळे कळलं आणि मग जिभेला कुलूप लागलं. नको तिथे ‘बरं का’ निघालं की चित्र पुढे जायचं आणि मला वाक्य गिळून त्याच्या मागे धावावं लागायचं. घरीही मोजून मापून बोलायला लागले. मुलगा म्हणाला, ‘आई, तू हल्ली इतकी फॉर्मल का बोलतेस?’ तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चहा सांडेपर्यंत हसलात.

पण तासाला कमाल व्हायची. मी फळ्याजवळ उभी, हात मोकळे, मशिनाकडे बघतही नाही. ‘बरं का’ म्हटलं की भिंतीवरचं चित्र बदलतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे आवाजावर चालतं का हो? मी म्हटलं, सवयीवर चालतं. तुम्ही मागच्या खुर्चीत बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात ते पाच मिनिटं वर आला नाहीत. त्या वर्षी मला ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर लावलंय. त्याच्यासमोरून जाताना मी तेव्हापासून खाली मान घालून जात होते, आणि लोकांना वाटायचं, बाई किती नम्र.

खंडेनवमीला मी सगळ्या लॅपटॉपांना हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, वर दोन दोन अक्षता. मनापासून केलं हो. ज्याची भीती वाटते त्याच्या पाया पडायचं, एवढंच मला येतं. दुसऱ्या दिवशी चार मशिनांची बटणं उठेनात. तुम्ही रंगाचा ब्रश घेऊन दिवसभर एकेक बटण उपसून साफ करत बसलात. मी दारात उभी. वर न बघता म्हणालात, ‘तुमची श्रद्धा पार आतमधी गेली नं बाई.’ त्यापलीकडे एक शब्द नाही. दुसरा कोणी तुमच्या जागी असता तर त्याने शाळाभर सांगितलं असतं, आणि तुमच्या घरी पूजाअर्चा नसते, तेव्हा तुम्हाला बोलायचा पुरेपूर अधिकार होता.

आता त्या बुधवारचं.

मधल्या सुट्टीत तुम्ही म्हणालात, ‘बाई, पुढच्या वर्षीपासून मी मागे बसणार नाही. आता तुम्ही स्वतः बाण दाबायचा.’ मी म्हटलं, माझी तीन वर्षं राहिलीत, कशाला आता. ‘म्हणूनच. आणि मी नसलो त्या दिवशी काय कराल?’ मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, ‘तुम्ही नसलात तर वर्ग जरा शांत तरी राहील.’ आपलं नेहमीचंच बोलणं. पण तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘लपवून राहिलो आपण दोघं. पोरांना शिकवतो घाबरू नका, आणि आपण काय करतो?’ मला ते लागलं. उठून गेले. गुरुवारी सकाळी तुम्ही समोरून आलात तेव्हा मी वहीत डोकं घातलं. गुरुवारी आपला तास होता. तुम्ही तरीही येऊन मागच्या खुर्चीत बसलात.

शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात. प्रार्थनेच्या आधी फोन आला. सगळे रडत होते आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? गुरुवारच्या तासाचं आता कसं होणार. दुसरा विचार त्याहून वाईट होता. तो शेवटी लिहिते.

पुढच्या बुधवारी कात्रजला तुमच्या घरी गेले. वहिनींना विचारलं, तेरावं कधी आहे. त्या म्हणाल्या, ‘आमच्यात तेरावं नसतं बाई. रविवारी पुण्यानुमोदन आहे.’ बारा वर्षं एका खोलीत डबा खाल्ला आपण, आणि मला एवढंही माहीत नव्हतं. वहिनींनी चहा दिला आणि माझ्या हातात तो छोटा काळा माऊस ठेवला. ‘हा शाळेचा आहे का हो? त्यांच्या पँटच्या खिशात होता.’ मग त्यांनी विचारलं, ‘गुरुवारी शाळेत काही म्हणाले होते का? बरं वाटत नाही वगैरे? मला रात्री पित्त झालंय म्हणाले फक्त.’

मी म्हटलं, ‘नाही हो. काही म्हणाले नाहीत.’

काही म्हणाला नव्हतात हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तास झालाच नाही. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. सोमवारी कंपनीचे लोक येणार, आठवीलाही लॅपटॉप द्यायचे का ते तुमचा तास बघून ठरवणार. ‘मेश्राम सर नाहीत, पण तुमचं काही अडत नाही म्हणा.’ मी मान डोलावली. त्याच वेळी सांगता आलं असतं. बाहेर प्रमाणपत्र टांगलेलं, आत मी मान डोलावतेय.

चार दिवस जेवण गेलं नाही. आठवीची साठ मुलं माझ्या एका बोटावर लटकली होती. मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. काल रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला आले होते, शेवटच्या रांगेत बसले. सगळे हात जोडून उभे राहिले तेव्हा मी मनात काय मागितलं असेल? तुमच्यासाठी काही नाही. म्हटलं, उद्याचा तास तेवढा निभावून न्या. त्याबद्दलही माफ करा.

आज सकाळी लवकर जाऊन तो माऊस तुमच्या खुर्चीवर ठेवला. का, ते विचारू नका.

कंपनीचे दोघं आले, एक मुलगा, एक मुलगी, गळ्यात ओळखपत्रं, माझ्या मुलाच्या वयाचे. मुख्याध्यापिकांसोबत मागे बसायला गेले. त्या मुलाने माऊस उचलून खुर्ची ओढली तशी मी फळ्याजवळून ओरडलेच, ‘तिथे नको. तिथे सर बसतात.’ तो गोंधळला, माऊस परत खुर्चीवर ठेवून बाकावर बसला.

पहिलं चित्र मुलांनी नेहमीसारखं आधीच लावलेलं होतं. ‘तोंडचे पाणी पळणे’. अर्थ सांगितला, भीतीने गाळण उडणे, वाक्य करून दाखवलं आणि म्हटलं, ‘बरं का.’

चित्र तसंच.

सर, मला माहीत होतं. मी काही वेडी नाही. तरीही मी तुमच्या खुर्चीकडे, त्या माऊसकडे पाहत राहिले. पुन्हा म्हटलं, ‘बरं का.’ आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मागे त्या मुलीने पेन उचलून काहीतरी लिहिलं. भिंतीवर तेच, तोंडचे पाणी पळणे, एवढ्या मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या बाकावरची साक्षी, मंडईत भाजी विकते तिची आई, ती उभी राहिली. अगदी हळू म्हणाली, ‘बाई, सर नाहीत.’

मग मी खडू खाली ठेवला आणि मागे बसलेल्यांना सांगितलं. ‘मला हे चालवता येत नाही. दोन वर्षं मेश्राम सर मागून चित्र बदलत होते. ते प्रमाणपत्र माझं नाही, त्यांचं आहे.’ एवढंच बोलता आलं. मुख्याध्यापिकांचा चेहरा मी पाहिला नाही. साक्षी जागेवरूनच म्हणाली, ‘बाई, खालचा बाण दाबा. हात नका टेकवू, नुसतं बोट.’ मागून दोघा-तिघांनी, ‘नुसतं बोट, बाई.’

नुसतं बोट. दाबलं. चित्र बदललं. एवढंसं होतं ते, सर. मला तुमचा भयंकर राग आला. मग आठवलं, तुम्ही हेच शंभरदा सांगितलं होतंत. बाकीचा तास मुलांनीच घेतला, मी बोट चालवत होते. आठवीचं काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. कंपनीची ती मुलगी जाताना मुलांच्या लॅपटॉपपाशी बराच वेळ रेंगाळली, एवढं खरं.

मुलं दप्तरं भरत होती तेव्हा साक्षीला विचारलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं गं?’

‘पहिल्यापासून. सरांनीच सांगितलं होतं, बाई “बरं का” म्हणाल्या की मागं बघायचं नाही. जो बघेल त्याचा लॅपटॉप बंद.’

बत्तीस मुलं. दोन वर्षं. एकानेही मागे पाहिलं नाही. मला वाटत होतं मी सगळ्यांना फसवतेय, आणि सगळा वर्ग मला सांभाळत होता.

शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले तेव्हा त्याचा दुसरा अर्थ ध्यानात आला, आणि सकाळची भीती त्यापुढे काहीच नव्हती. मुलं मागे बघत नव्हती. म्हणजे त्या वर्गात तुम्हाला बघणारी मी एकटीच होते.

शेवटी लिहिते म्हटलं होतं, ते हे. उद्या कात्रजला जाऊन वहिनींनाही सांगणार आहे. त्यांनी दार लावून घेतलं तरी सांगणार आहे.

त्या गुरुवारी तुम्ही भिंतीला डोकं टेकून बसला होतात. शर्टाचं वरचं बटण सोडलेलं. रुमालाने कपाळ टिपलंत, मग मान टिपलीत, वर पंखा चालू असताना. डावा खांदा उजव्या हाताने धरून तुम्ही डोळे मिटलेत. मी पाहिलं, सर. वाक्याच्या मध्येच पाहिलं. तास थांबवून विचारावं असं मनात आलंही. पण आपला अबोला होता, आणि तुम्ही उठून गेला असतात तर पुढचं चित्र मला बदलावं लागलं असतं.

मी वाक्य पुरं केलं आणि म्हटलं, बरं का.

तुम्ही डोळे उघडलेत आणि बटण दाबलंत.